पंख्याचं कुलूप

माझा हात आधी सुटतो आणि डोकं मागून धापा टाकत येतं. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. शाळेत एकाचे दोन दात पाडले, सख्ख्या मामेभावाचा त्याच्याच लग्नात शर्ट फाडला, आणि विद्यापीठात नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात कायदा विभागाच्या लिफ्टमध्ये एका कंत्राटदाराची गचांडी धरली. ताई म्हणायची, "तुला वेसण घालणारा एकच माणूस आहे." तो माणूस म्हणजे तिचा नवरा, आमचे दाजी. त्या दाजींचं काय झालं ते सांगतो. मधेच मला 'जाऊ दे रे' म्हणू नका, तेवढं करा.

आमच्या विद्यापीठात बेचाळीस विभाग. प्रत्येक विभागाला वाटतं की विद्यापीठ आपल्याच जिवावर चाललंय. भौतिकवाल्यांना तळघर गार लागतं, प्राणिशास्त्राच्या उंदरांना खोली उबदार लागते, ग्रंथालयाला हवा कोरडी पाहिजे, पोहण्याच्या तलावाला पंप पाहिजे, आणि भाषा विभागाचं छत तर कायम गळतच असतं. हे सगळं सांभाळतो आम्ही, देखभाल विभाग. बसतो विज्ञान इमारतीच्या तळमजल्याला, मागच्या अंगाला, जिथे कुणी प्राध्यापक चुकूनही येत नाही. आला तर शिव्या द्यायलाच येतो. दाजी यंत्रांचे मिस्त्री होते, अठ्ठावीस वर्षं. मी किल्लीघर सांभाळतो. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला किल्ल्यांचे जुडगे.

आमच्याकडे एक नियम आहे. यंत्रात शिरण्याआधी त्याची वीज तोडायची आणि बटणाच्या पेटीला स्वतःचं लाल कुलूप घालायचं. त्याची किल्ली एकच, ती स्वतःच्या खिशात. बाहेर आल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. मी नवा असताना एका मिस्त्रीचं कुलूप पकडीने तोडलं होतं. तो जेवायला गेला होता आणि मला घाई होती, एवढंच. दाजींनी सगळ्यांदेखत माझ्या अशी कानफटात वाजवली की दिवसभर कान गुणगुणत होता. "तो आत असता तर?" एवढंच म्हणाले. मी उलटा हात उचलला नाही. आयुष्यात तेवढा एकदाच.

पण दाजी विसरभोळे. एकदा तलावाच्या पंपाला कुलूप लावून, किल्ली खिशात घेऊन सरळ घरी गेले. दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या स्पर्धा आणि पाणी हिरवंगार. साहेबांनी त्यांना चाळीस माणसांसमोर फाडून खाल्लं. दाजी मान खाली घालून उभे होते. त्याच आठवड्यात मी त्यांच्या किल्लीचा साचा घेऊन दुसरी किल्ली बनवून आणली आणि विज्ञान इमारतीच्या वरच्या मजल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवली. कुणाला बोललो नाही. दाजींना कळलं असतं तर त्यांनी दुसरा कानही वाजवला असता. मला वाटलं, मी माणसाची अब्रू सांभाळतोय.

त्या दिवशी सकाळी दाजी विज्ञान इमारतीच्या गच्चीवरच्या मोठ्या पंख्यात शिरले होते. रसायन विभागाच्या प्रयोगशाळांमधला सगळा विषारी धूर तो पंखा ओढून बाहेर फेकतो. पंख्याचं चाक पुरुषभर उंच, त्याभोवती पत्र्याचं घर. पात्यांवर पांढरी खपली साचली होती, ती आत बसून खरवडायची होती. सहाव्या मजल्यावरच्या वीजखोलीत पेटी बंद करून, लाल कुलूप लावून दाजी वर गेले. जाताना मला म्हणाले, "ताईला सांग, आज डबा परत येणार नाही, सगळा खाणार आहे."

साडेअकराला रसायनचे प्रमुख खाली आले. विद्यार्थी त्यांना 'भट्टी' म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. डोळे लाल, रुमाल नाकाला, मागे त्यांच्या विभागाचा म्हातारा शिपाई, ज्याला अख्खी इमारत मामा म्हणते.

"पंखा का बंद आहे?"

"काम चालू आहे. नोटीस तीन दिवसांपूर्वी गेली तुमच्याकडे."

"मी बाहेरगावी होतो! वर चाळीस पोरं प्रयोगाला उभी आहेत, खोलीत धूर कोंडलाय, एक पोरगी चक्कर येऊन पडली."

"मग प्रयोग बंद करा."

"मला शिकवू नका! कोण करतंय काम? तलावाला कुलूप लावून घरी गेला होता, तोच ना? आजही कुलूप लावून चहा ढोसत बसला असेल कुठेतरी. फुकटे लेकाचे."

तळपायाची आग मस्तकात गेली. दाजींना फुकटे! मला तेव्हा काय सांगायचं होतं ते अगदी सोपं होतं, पण तोंडातून आलं ते असं: "तुमच्या बापाने केलंय का असलं काम? वर जाऊन बघा जरा डोळे उघडून! घ्या!" आणि मी वरच्या मजल्यांचा जुडगा खिळ्यावरून ओढला आणि त्यांच्या छातीवर फेकून मारला. माझ्या मनात गच्चीचं दार होतं. त्यांनी गच्चीवर जावं, दाजींना घामाने निथळताना बघावं आणि शरमेने मान खाली घालावी, असं माझ्या मनात होतं. त्यांनी जुडगा उचलला आणि मामाला घेऊन तरातरा निघून गेले.

मी पाच मिनिटं एकटाच शिव्या घालत बसलो. मग पाण्याची बाटली उचलली, रिकाम्या खिळ्याकडे नजर गेली, आणि त्या जुडग्यात आणखी काय अडकवलेलं आहे ते आठवलं.

बाटली कुठे पडली ते मला माहीत नाही. लिफ्टपाशी दोघं जण गॅसची टाकी आत ढकलत होते, मी एकाला असा बाजूला लोटला की तो भिंतीवर आपटला, पण टाकी दारात अडकली ती अडकलीच. जिन्याने सुटलो. तास सुटला होता, वरून पोरांचा लोंढा खाली येत होता. मी कोपरांनी वाट काढली. कुणाची वही उडाली, कुणाचा चष्मा माझ्या पायाखाली फुटला. तिसऱ्या मजल्यावर एका दांडगटाने माझी कॉलर धरली, "ओ काका, दिसत नाही का?" त्याच्या नाकावर डोकं हाणलं. रक्त माझ्या कपाळावर आलं. तो ओरडला, मी वरच पळत होतो.

वीजखोलीचं दार उघडं होतं. आत मामा दाराजवळ जुडगा घेऊन उभा, आणि पेटीपुढे प्राध्यापक. पेटीचं हँडल अजून वर होतं. वर म्हणजे बंद. मी वेळेत पोचलो होतो. हे नीट ऐका, मी वेळेत पोचलो होतो. त्यांचा हात हँडलवर नव्हता. उघडं लाल कुलूप त्यांच्या बोटात लटकत होतं, आणि माझ्याकडे वळून, ते कुलूप माझ्या तोंडासमोर नाचवत ते म्हणाले, "या, या. आता हेच ठेवतो तुमच्या साहेबांच्या टेबलावर."

आमच्यात पाच-सहा पावलांचं अंतर होतं. मी ते तोडलं आणि सगळं अंग मागे नेऊन त्यांच्या जबड्यावर ठोसा ठेवून दिला.

हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा आहे. ते मागे गेले, पाय लटपटले, खांदा पेटीवर आपटला, आणि पडता पडता त्यांच्या काखेत ते हँडल सापडलं. त्यांच्या वजनाने ते खाली आलं.

वरून आधी गुरगुर आली, मग घणघण, मग मधेच एक दणका. पंख्यात विटेचा तुकडा सापडावा तसा. मग आणखी दोन दणके. एक ओरडही आली असं मामा म्हणतो, मला ऐकू आली नाही. मी हँडलवर झेप घेतली आणि ते वर केलं. चार सेकंद झाले असतील. पण एवढं मोठं चाक लगेच थांबत नाही, ते आपल्या मस्तीत फिरत राहतं, आणि आवाज उतरत उतरत मिनिटभर येत राहतो.

मी वर पळायला हवं होतं. गच्ची एकच मजला वर होती. पण मी काय केलं? मी खाली वाकलो, प्राध्यापकांना गळपट्टीला धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. पुन्हा आणि पुन्हा. त्यांचं डोकं फरशीवर आपटत होतं, दात माझ्या बोटांत रुतले, ते हातांनी तोंड झाकत होते तर मी हात बाजूला करून मारत होतो. त्यांचा गुन्हा मोठा म्हणून मारत नव्हतो. मारायचं थांबलं की वर जावं लागेल, आणि वर गेलं की बघावं लागेल, म्हणून मारत होतो. माझ्यासारखा भेकड माणूस तुम्ही बघितला नसेल.

मामाच वर गेला. सत्तावन्न वर्षांचा, गुडघे धरलेला माणूस. खाली आला तेव्हा त्याच्या शर्टाची पुढची बाजू लाल होती आणि तो दाराची चौकट धरून ओकला. मग मला म्हणाला, "सोड त्याला. चल, दोघं मिळून काढू दाजींना."

काढलं. त्यातलं काय काय काढलं ते मी सांगणार नाही. खरवडायची पत्री त्यांच्या उजव्या मुठीत घट्ट होती आणि ती मूठ बाकीच्या अंगापासून दोन हात लांब होती.

पुढचे दिवस विचित्रच गेले. दोन रात्री कोठडीत काढून मी जामिनावर सुटलो, तर देखभाल विभागाची सगळी माणसं फाटकाशी उभी. मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी होतं. "वाघ आहेस!" "बरोबर ठेचलास भट्टीला!" भट्टी इस्पितळात होते, जबडा तारेने बांधलेला, एक डोळा गेल्यातच जमा. त्यांनी पोलिसांना कागदावर लिहून दिलं की नीट काही आठवत नाही, कुलूप मीच काढलं, हँडलही बहुतेक माझ्याच हातून पडलं असेल. बिचाऱ्याने 'बहुतेक' लिहिलं होतं. पोलिसांनी तो शब्द सोडून बाकीचं घेतलं. आणि मामाने जबाबात सांगितलं, मी किल्ल्या बघत होतो, मला काही दिसलं नाही. जबाब देऊन बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता गेला.

म्हणजे मी सुटलो होतो. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि ते मला जन्मात पहिल्यांदा जमत होतं.

पंधराव्या दिवशी ताईकडे गेलो. ती ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. माझी सुजलेली बोटं बघून तिने हळद गरम केली आणि स्वतः लावायला बसली. एकेक बोट हातात घेऊन.

"आणखी दोन ठेवून द्यायच्या होत्यास त्या मेल्याला," ती म्हणाली. "माझ्या माणसासाठी कुणीतरी उभं राहिलं. तेवढंच बरं वाटतं मला आता. दुसरं काय उरलंय?"

ती हळद लावत होती आणि मला तो हात सहन होईना. मी हात ओढून घेतला. म्हणालो, "ताई, हँडल त्याने नाही पाडलं." आणि सगळं सांगून टाकलं. दुसरी किल्ली, फेकलेला जुडगा, बोटात लटकणारं कुलूप, ठोसा. हँडल वर होतं, हेही सांगितलं. मला वाटलं ती वाटी माझ्या डोक्यात घालेल. घालावी असंच वाटत होतं. भिंतीशी सरकून मी डोकं पुढे केलंसुद्धा.

ती बसून राहिली. बोटांना लागलेली हळद तिने पदराला पुसली.

"पाच-सहा पावलांवर होतास ना तू?"

"हो."

"आणि तो नुसता उभा होता. बडबड करत."

"हो."

"मग सांगायचंस ना रे त्याला. आत माणूस आहे म्हणून."

मी बोटांवरची हळद खरवडू लागलो.

"खाली आला होता तेव्हा तरी सांगितलंस का? की आत माणूस बसलाय म्हणून?"

"नाही."

"एवढंच सांगायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "थांबला असता की रे तो. चाळीस पोरांना शिकवणारा माणूस तो. नसता का थांबला?"

"थांबला असता," मी म्हणालो.