प्रेक्षकांकडचा पाय

कुबडीच्या टोकाचं रबर झिजलं की आधी फरशीला कळतं. मग शेजाऱ्यांना.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराला उतार बांधलेला आहे. त्यावर मोडक्या खुर्च्या रचून ठेवतात.

थोरली बहीण धाकटीला म्हणते, "रडायचंय तर रड, पण भाजी निवडता निवडता रड."

नाट्यगृहाबाहेरच्या नाटकाच्या जाहिरातीतल्या मुलीच्या मागे ढग आहेत, ढगांच्या मागे ऊन आहे, आणि तिच्या हातातली कुबडी इतकी कोरी करकरीत आहे की दुकानदाराने फक्त फोटोपुरती दिली असावी.

लंगडणारा माणूस कुठल्या पायाने लंगडतो? प्रेक्षकांकडच्या.

हा शेवटचा शोध दिग्दर्शकाचा. तो लागला तेव्हा कुजबूज विंगेतल्या आपल्या स्टुलावर बसली होती. नट वाक्य विसरला की ते हळूच पुरवायचं हे तिचं काम, म्हणून हे नाव. डावा पाय लहानपणापासून बारीक राहिलेला, काखेत कुबडी. नाटक एका लंगड्या मुलीचं होतं आणि दिग्दर्शक तिला पहिल्या वाचनालाच म्हणाला होता, "ही भूमिका तुझ्यावरच बेतलीय बरं का."

बेतली तिच्यावर, शिवली दुसरीला.

तिची चाचणी घेतली, नाही असं नाही. ती रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवत होती आणि दिग्दर्शक पार शेवटच्या रांगेत जाऊन बसला होता. तिथून त्याने मान हलवली. "पोचत नाही गं इथपर्यंत. फार सवयीचं वाटतं."

मग मालिकांमधल्या मॅडम आल्या. त्यांना लंगडायला शिकवण्याचं काम कुजबुजीला मिळालं. मॅडमनी एक दुपारभर तिचं निरीक्षण केलं, शेवटी डोळे भरून आले आणि त्यांनी तिला घट्ट मिठी मारली. किती शूर आहेस तू, म्हणाल्या. कुजबूज तेव्हा बाथरूमला निघाली होती.

शिकवलेलं सगळं दिग्दर्शकाने एका वाक्यात पुसून टाकलं. लंगडणारा पाय लोकांना दिसला पाहिजे. म्हणून मॅडम डावीकडून आल्या की एक पाय लंगडायचा, उजवीकडून आल्या की दुसरा. प्रेक्षकांत एकालाही खटकलं नाही. मॅडम ती वेदना अक्षरशः जगल्या, असं पेपरात छापून आलं. कुजबुजीने ते घरी वाचून दाखवलं तेव्हा ताई म्हणाली, "मग विचार की त्या पेपरवाल्याला, कुठल्या पायातली?"

शेवट तर विचारूच नका. नायक हात पसरून म्हणणार, फेकून दे ती कुबडी, माझं प्रेम हाच तुझा आधार. व्हायोलिनं सुरू. मॅडम कुबडी भिरकावून देणार आणि तुरुतुरु चालत त्याच्या मिठीत. सगळं नाट्यगृह मुसमुसणार. भिरकावलेली कुबडी घसरत घसरत विंगेत कुजबुजीच्या पायाशी येऊन थांबायची. एकदा नडगीवर बसली. तीही धडक्या पायाच्या.

आणि मग जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या अंकात मॅडम बोलता बोलता गर्रकन वळल्या, पाय बदलायची वेळ चुकली, दोन्ही पाय एकदमच लंगडायला निघाले आणि बाई धाडकन आडव्या. घोट्याला प्लास्टर. पुढचा प्रयोग हाऊसफुल्ल.

दिग्दर्शक कुजबुजीच्या घरी आला आणि खाटेच्या कडेवर अवघडून बसला. ताईने पाणी दिलं, चहाचं विचारलंही नाही.

"तुला सगळं पाठ आहे," तो म्हणाला.

"पहिल्या वाचनापासून."

"फक्त शेवटी कुबडी फेकायची आणि तेवढं उभं राहायचं. पडदा लगेच पाडतो."

"आणि पडली म्हणजे?" ताईने विचारलं.

"पडद्यामागे पडेल ना, ताई."

ताईने धाकटीकडे पाहिलं. कुजबुजीला ती भूमिका हवी होती. दया म्हणून नको, पण बदली म्हणूनही चालली असती, इतकी हवी होती. "बघते," ती म्हणाली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी ताईने कुबडीला नवं रबर बसवलं.

कुजबूज पहिल्या अंकापासून एकाच पायाने लंगडली. मध्यंतरात दिग्दर्शक घाम पुसत आला. लोक गोंधळलेत, जरा वाढव, म्हणाला. पुढच्या रांगेतली एक बाई विचारत होती म्हणे, हिला खरंच काही झालंय का?

तिने काही वाढवलं नाही. वाक्य मात्र एकही चुकलं नाही, आणि विंगेतलं स्टूल रिकामं असल्यामुळे नायकाची दोन विसरलेली वाक्यंसुद्धा तिनेच पुरवली, भर रंगमंचावर, ओठ न हलवता.

शेवटचा प्रवेश आला. नायकाने हात पसरले. प्रेम, आधार वगैरे म्हणून झालं. व्हायोलिनं सुरू झाली, पर्सांतून रुमाल निघाले. कुजबुजीने नायकाकडे पाहिलं, मग कुबडी काखेत नीट बसवली, खुंटीवरची पर्स खांद्याला लावली, दार उघडलं, बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. प्लायवूडची भिंत थरथरली. नायक हात पसरून उभाच. पडदा पडेपर्यंत व्हायोलिनं त्याच्या एकट्यासाठी वाजत राहिली. मागे कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, आपण एकटेच आहोत हे कळल्यावर थांबवल्या.

"वाट लावलीस," दिग्दर्शक म्हणाला. उद्यापासून येऊ नकोस हेही त्यातच आलं.

रंगपटात एक प्रेक्षक बाई आवर्जून भेटायला आल्या. प्रयत्न छान होता, म्हणाल्या. "पण खरं सांगू का, त्या मॅडमचं लंगडणं जास्त खरं वाटायचं हो."

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाबाहेर पाटी लागली. मॅडमचा पाय पूर्ण बरा होईपर्यंत प्रयोग बंद. ताई ती पाटी वाचून रस्त्यातच हसत सुटली. लंगडीचं काम करायचं तर दोन्ही पाय ठणठणीत हवेत, एवढं साधं कसं कळलं नाही तुला, म्हणाली. कुजबूज हसली नाही. ती जाहिरातीतल्या ढगांकडे बघत होती.

पहिल्या वाचनाला नाटकाचा शेवट असा होता: मुलगी कुबडी काखेत घेते, खुंटीवरची पर्स घेते, दार उघडून बाहेर जाते आणि दार लावून घेते.