आत्याने कॉफी प्यायली नाही

मुलांना गुण मिळाले की ते मुलांचे राहत नाहीत, घराचे होतात. आमच्या अरबी मुलखातल्या सल्त गावात हा रोग घरोघरी आहे. तुमच्याकडे नसेल तर तुम्ही भाग्यवान. जुमानाला तौजीहीच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या मोठ्या परीक्षेत शहाण्णव टक्के पडले आणि त्याच संध्याकाळी गल्लीने तिच्या आईला 'डॉक्टरीणबाईंची आई' म्हणायला सुरुवात केली.

पोरीला मात्र आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे होते. वडिलांनी, म्हणजे फव्वाज यांनी (थोरल्या मुलाच्या नावावरून गाव त्यांना अबू राकान, राकानचा बाप म्हणतं), विद्यापीठाच्या अर्जात पहिल्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वैद्यकीयच भरून टाकलं. पर्याय बदलायची मुदत आज दुपारी तीनपर्यंत होती. पासवर्ड वडिलांच्या फोनमध्ये, आणि फोन त्यांच्या खिशात. जुमानाच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता.

दोनच्या सुमाराला फिद्दा आत्या आली. अबू राकान यांची ही थोरली बहीण. एरवी ती सरळ स्वयंपाकघरात जायची. आज दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या मानाच्या जागी जाऊन बसली. भावाने रिवाजाप्रमाणे कडू कॉफी दिली. आत्याने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला.

अबू राकान चपापले. मागणं घेऊन आलेला पाहुणा मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही. ती तशीच निवली तर यजमानाच्या घराला बट्टा. पुरुषमंडळींनी असं मागणं घेऊन जाण्याला जाहा म्हणतात, आणि गावातली निम्मी भांडणं अशी जाहा नेऊन खुद्द अबू राकान यांनीच मिटवलेली.

"ताई, चेष्टा पुरे. बायका कधी जाहा घेऊन येतात का?"

"पुरुष आले असते तर मी घरीच बसले असते. पोरीला हवं ते शिकू दे."

"नुसत्या गप्पा मारायचं शिक्षण ते! शहाण्णव टक्के मातीत घालू? आणि परराष्ट्र खात्यात वशिल्याशिवाय कोण उभं करतं? आपला कोणता मामा मंत्री आहे?"

"म्हणून आपल्या हुशार पोरांनी त्या दाराशी जायचंच नाही? मग वशिलेवाल्यांना रान मोकळंच की. आणि गप्पा म्हणतोस, तर तू तीस वर्षं काय करतोयस? दोन घरांत सुरे निघाले की मध्ये जाऊन बसतोस. पोरीला तेच दोन देशांत करायचंय."

अडीच वाजून गेले. कॉफी निवत चालली होती. दारात जुमाना उभी, तिच्यामागे आई.

"तिला झेपायचं नाही," अबू राकान शेवटी म्हणाले. "पुढे नोकरीसाठी परक्या मुलखात एकटी पोर."

"हे ती म्हणाली?"

"तिला काय कळतंय?"

"म्हणजे विचारलंच नाहीस," आत्याचा आवाज चढला. "फव्वाज, गेल्या साली जमिनीच्या तंट्यात सगळ्यांसमोर काय म्हणालास? दुसरी बाजू न ऐकता निवाडा देतो तो पंच नव्हे, दांडगा. लोकांच्या घरी दोन्ही बाजू ऐकतोस, आणि स्वतःच्या घरात?"

अरे, खरंच की! या वादात आपण स्वतःच एक पक्ष आहोत आणि पंचही आपणच होऊन बसलो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना विलक्षण लाज वाटली.

"जुमाना, इकडे ये. बस इथे. का शिकायचंय तुला हे?"

"बाबा, तुम्ही भांडणं मिटवायचात तेव्हा मी दाराआडून ऐकायचे," ती म्हणाली. "दोघांपैकी कुणाचीच मान खाली जाणार नाही असा शब्द तुम्ही शोधायचात. मला तो शोधता यायला हवा."

अबू राकान यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्या हातात दिला. तीनला बारा मिनिटं कमी होती.

"ताई, पी आता."

"थंडगार झालीय. दुसरी ओत."

तेव्हापासून लग्नाची मागणी घेऊन जायला कुणी अबू राकान यांना बोलवायला आलं की ते उठण्याआधी विचारतात, "मुलीला विचारलंत का?" काही लोक त्यामुळे रागावून परत जातात. जाऊ देत. मंडळी, मुलांच्या भल्याचा निवाडा आपण खुशाल करावा, पण ज्याच्या आयुष्याचा निवाडा आहे, त्याचं म्हणणं आधी ऐकावं.