पांढऱ्या पायांची आयरीन

डेल व्हिटकमनं डोळे मिटले, दोन बोटं कपाळाला लावली, आणि आग-पथकाच्या फायर हॉलमधल्या गर्दीनं हातातले कोंबडीचे पंख बशीत परत ठेवले.

“सांडणार,” डेल म्हणाला. “चेंडू सांडणार, लेकरांनो. त्यांच्या हातून. ओला साबण निसटावा तसा निसटताना दिसतोय मला. आणि पडणार कुणाच्या पदरात? आपल्या.”

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर अजून काहीच घडलं नव्हतं. दोन्हीकडचे खेळाडू वाकून उभे होते, तोंडातून वाफा सोडत. मग शिट्टी झाली, अंगावर अंगं आदळली, आणि खरंच चेंडू निसटला. आमच्या एका पोरानं तो पोटाशी धरून बर्फात लोळण घेतली. हॉल असा गरजला की छताला टांगलेले आग विझवणाऱ्यांचे जुने टोप हलले.

“बघितलंस?” स्टॅश माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला. स्टॅश आमच्या आग-पथकाचा प्रमुख, आणि रविवारी त्याच हॉलमधला बिअर ओतणारा. “आता बोल, कॉलीन. बोल की.”

“जिंकणार म्हणायला काय लागतं, स्टॅश? दोनच तर संघ असतात. नाणं उडवलंस तरी निम्म्या वेळा बरोबर येशील.”

“नाणं चेंडू सांडायच्या आधी सांगतं का? तू नर्स आहेस ना, तू नाड्या बघ. पुढचं बघायचं काम डेलचं.”

मी माझ्या बशीतला पंख उचलला. 

अमेरिकेत एरी सरोवराच्या काठी, बफेलो शहराच्या दक्षिणेला आमचं गाव. पोलाद कारखाना बंद पडला त्याला जमाना झाला. उरला तो वारा, बर्फ, चर्च आणि फुटबॉल, आमचा अमेरिकी, चेंडू हातात घेऊन पळायचा. डिसेंबर उजाडला की शेवटचे मोजके सामने राहतात, त्यांतूनच ठरतं की संघ पुढं जाणार की पोरं घरी बसणार. आणि पोरांबरोबर आम्हीही. त्या वर्षी शरद ऋतूत फायर हॉलमध्ये दोन गोष्टी नव्या आल्या. छतावरचा गंजका अँटेना काढून इंटरनेटवर चालणारा मोठा टीव्ही आला. आणि डेल आला. पूर्वी म्हणे तो ओहायोत खिडक्या विकायचा. त्याआधी कुठल्याशा कारखान्यात एक कान गेला म्हणून उजव्या कानात यंत्र, त्यावर पिकल्या केसांची झुलपं, आणि जिभेवर मध.

सामना सुरू होण्याआधी तो खुर्चीवर चढून सांगायचा, “जय आपलाच आहे. लिहून घ्या. मात्र खोलीत सावली नको. सावली पडली, तर माझा शब्द मला परत.” म्हणजे जिंकलो की डेलचा शब्द, आणि हरलो की कुणाची तरी सावली. एकदा सावली निळी टोपी विसरलेल्या माणसाची निघाली, एकदा चर्चला न गेलेल्याची. लोक हसून घ्यायचे. ज्याची सावली निघायची तो पुढच्या रविवारी डेलच्या बिअरचे पैसे भरायचा, की फिटलं.

आयरीनच्या बाबतीत मात्र ते हसण्यावारी गेलं नाही.

आयरीनचा नवरा फ्लोरियन जन्मभर भट्टीवर राबला, आणि भट्टीनं त्याच्या फुप्फुसांचा कोळसा केला. नाकात नळी आणि चाकं लावलेलं ऑक्सिजनचं नळकांडं, असा तो हॉलमध्ये यायचा. त्याला घरी तपासायला मी जायची, आणि रविवारी हॉलमध्येही त्याच्या शेजारीच बसायची. लग्न झाल्यापासून दोघांनी एकही सामना वेगवेगळा पाहिला नव्हता. ती त्याच्या डाव्या हाताला बसायची. खेळात जीव टांगणीला लागला की तो तिचं मनगट धरायचा. घट्ट, काठावरच्या माणसानं दोर धरावा तसं. पुढचा हंगाम फ्लोरियन बघणार नाही, हे मला ठाऊक होतं, तिला होतं, त्यालाही होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

डिसेंबरचा पहिलाच सामना. शेवटच्या क्षणी आमचा खेळाडू लाथेनं चेंडू मारणार होता. दोन खांबांच्या मधून गेला की जिंकलो. आयरीन गाडीतून गोलोम्पकीचं पातेलं आणायला बाहेर गेली होती. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, फ्लोरियनला आवडतो म्हणून. टीव्हीवर पोरगा पावलं मोजत होता. इतक्यात डेलचा चेहरा काळवंडला. तो हॉलभर नजर फिरवू लागला, काहीतरी हरवल्यासारखा. त्याच वेळी दार उघडलं आणि आयरीन आत आली. हातात वाफाळतं पातेलं, बूट घोट्याच्या वरपर्यंत बर्फानं माखलेले.

“हे कोण आलं?” डेल ओरडला. “हे पांढरे पाय घेऊन कोण आलं? गेला, लेकरांनो. चेंडू गेला.”

आणि मग, त्यानं बोट दाखवून झाल्यावर, टीव्हीवरच्या पोरानं चेंडू मारला. तो खांबाच्या बाहेरून गेला.

 हॉलमधले सगळे आयरीनच्या बुटांकडं बघत राहिले. बर्फ वितळून फरशीवर तिच्या पायांभोवती पाण्याचं थारोळं झालं होतं.

पुढच्या रविवारी तिनं फ्लोरियनला खुर्चीत बसवलं, नळी नीट केली, गुडघ्यांवर शाल टाकली, आणि ती बाहेर गाडीत जाऊन बसली. डेलनं फर्मावलं होतं, बघायचं नाही आणि ऐकायचंही नाही. म्हणून गाडीतला रेडिओही बंद. आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्या रविवारीही जिंकलो. मग काय विचारता. बायका आपल्या ऑपरेशनच्या तारखा डेलला विचारू लागल्या, आणि दुकानात आयरीन दिसली की माणसं सामन्याच्या दिवशी दुसऱ्या रांगेत जाऊ लागली.

“मी चेंडूकडं बघतच नाही, पोरी,” फ्लोरियन मला एका सकाळी म्हणाला. मी त्याच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत होते. “मी दाराकडं बघतो.”

“मग तिला सांगा ना तसं.”

“सांगितलं. ती म्हणते, एकदा संघ पुढं गेलेला बघ, मग मी येते. तिला वाटतं मला तेवढंच हवंय.” तो थांबला, हवा गोळा करत. “जिंकलेलं एकट्यानं कसं बघतात गं?”

वादळातला तो सामना मला आठवतो. सरोवरावरून बर्फ आडवा येत होता. गाडीची काच झाकली म्हणून आयरीन खाली उतरून ती पुसत उभी होती. तिची आई जुन्या काळी कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून जे म्हणायची, ते गुणगुणत.

भट्टीच्या गं दारापाशी बर्फ पडतो माथ्याला,
आत धनी माझा जळे, कसा वारा घालू त्याला.

तेवढ्यात बर्फ काढणारा ट्रक आवारात आला. चालकानं काच खाली केली होती, आणि आत रेडिओ मोठ्यानं चालू होता.

सोमवारी मी तिच्या स्वयंपाकघरात होते. ती बटाटे सोलत होती.

“कॉलीन, एक सांगू? वेडी म्हणशील.”

“आधी सांगा तर.”

“बाहेर आधी होतं.”

“काय आधी होतं?”

“सगळंच. ट्रकमधल्या रेडिओवर तो माणूस ओरडला, पकडला, पकडला, गुण झाले. आणि आत हॉल गप्प. मी म्हटलं, असं कसं? मी ‘हेल मेरी’ची प्रार्थना म्हणायला लागले. अर्धीअधिक म्हणून झाली, आणि मग कुठं आत आरडाओरडा झाला. एकदा नाही, दरवेळी. ऐकायचं नाही म्हणून कान झाकत होते मी, तरी ऐकू येत होतं.”

मी कप खाली ठेवला. किती सोपं होतं. रेडिओचा आवाज मैदानावरून सरळ हवेतून येतो, शेजारणीनं कुंपणावरून हाक मारावी तसा. आणि हॉलमधलं चित्र इंटरनेटवरून, दहा ठिकाणी थांबत, गुंडाळत, उलगडत येतं. चांगलं अर्धं मिनिट उशिरा. डेलच्या उजव्या बाजूनं कुणी काही विचारलं तर त्याला कधीच ऐकू जायचं नाही. ते यंत्र ऐकायचंच होतं, पण आमचं ऐकायचं नव्हतं.

“आयरीन, चला. आत्ता फ्लोरियनला सांगू.”

तिनं मान हलवली. “त्याला सांगितलं तर तो मायेनं हो म्हणेल, आणि हॉलमध्ये सगळे बोट दाखवतील ते त्यालाही बघावं लागेल. मला मायेचं हो नको. सगळ्यांना दिसू दे.” सालं गोळा करत ती पुढं म्हणाली, “एक रविवार अजून. बसले आहे इतके दिवस.”

मी मान्य केलं. पण फ्लोरियनच्या छातीतला आवाज मी त्याच सकाळी ऐकला होता, आणि एक रविवार म्हणजे काय ते मला कळत होतं.

हंगामाचा शेवटचा सामना. हरलो तर सगळं संपलं. डेल खुर्चीवर चढला. “जय आपलाच आहे. सावली बाहेर आहे, दार बंद आहे, आकाश मोकळं आहे.” फ्लोरियनच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. त्याचा हात तिच्या दांड्यावर होता.

सामना शेवटच्या लाथेवर आला. या खेळाची खोडच ती. दोन गुणांनी मागं होतो. टीव्हीवर आमचा पोरगा बुटाला लागलेला बर्फ झटकत होता. सगळे त्याच्याकडं बघत होते. मी डेलकडं बघत होते. त्याचा चेहरा उतरला. नजर हॉलभर फिरू लागली, कुणावर बसू म्हणत.

दार उघडलं. आयरीन गुडघ्यांपर्यंत पांढरी होती. ट्रकवाल्याचा छोटा रेडिओ तिनं छातीशी धरला होता.

“पांढरे पाय,” डेल किंचाळला. “लावा ते दार. घात केला हिनं.”

“आयरीन, तुझ्या पाया पडतो,” स्टॅश कळवळून म्हणाला, “एक मिनिट बाहेर थांब.”

“एवढंही लागणार नाही, स्टॅश,” ती म्हणाली आणि तिनं आवाज मोठा केला.

“…डाव्या खांबाच्या बाहेर,” रेडिओ सांगत होता.  “गेला तो, मंडळी. चुकला. संपला आपला हंगाम. पोरं मैदानातच बसलीत, कुणी कुणाला उठवत नाहीये.”

टीव्हीवर पोरगा अजून पावलं मोजत होता.

“हा मागच्या वर्षीचा सामना असेल,” कुणीतरी पुटपुटलं. 

ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही. शेवट आम्हाला कळला होता, आणि समोर आशा अजून उभी होती, बर्फात, एका पायावर तोल सावरत. आम्ही सगळेच क्षणभर डेल झालो होतो. त्यात काही चमत्कार वाटत नव्हता. 

आयरीन पाय न झाडता चालत आली. फ्लोरियननं रिकाम्या खुर्चीवरचा हात उचलला.

“बस,” तो म्हणाला. “बघू या.”

“हरलेत रे ते.”

“माहितेय. शेवट माहीत असला तरी बघायचं असतं. बस.”

ती बसली. त्यानं तिचं मनगट धरलं. टीव्हीवर पोरगा धावला, लाथ बसली, आणि चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला, अगदी सांगितल्यासारखा.

“डेल,” स्टॅश हळू आवाजात म्हणाला, “ते कानातलं काढ.”

“अरे, माझा कान…”

“काढ.”

डेलनं काढलं. केसांखालून, कॉलरमधून एक बारीक वायर खिशात जात होती. स्टॅशनं ते कानातलं बोंड हातात धरलं, आणि शांत हॉलमध्ये तोच निवेदक ऐकू आला, डबीत कोंडलेल्या माशीसारखा.

“तुम्हाला बरं वाटत होतं ना?” डेल म्हणाला. मध संपला होता. आता तो फक्त एक म्हातारा, परगावचा माणूस होता. “मला कुठं कुणी खुर्ची देत होतं त्याआधी?”

“तुला दिली असती रे,” स्टॅश म्हणाला. “तू तिची घेतलीस.”

मागून एकानं तोंड उघडलंच. “पण ती आली आणि हरलो, हे तरी खरं ना?”

उत्तर फ्लोरियननं दिलं, दोन दोन शब्दांनी, मधेमधे हवा घेत. “ती आली… तेव्हा हरून झालं होतं. मागच्या वेळीही. चेंडू मैदानात चुकला… मग यानं दाराकडं बघितलं. दुसरं कुणी आलं असतं… तर त्याला म्हणाला असता.” मग तो सगळ्यांच्या बुटांकडं बघत राहिला. खुर्च्यांखाली सगळीकडं पाण्याची थारोळी होती. “या गावात… पांढऱ्या पायांचं नाही असं कोण आहे रे?”

सरोवरावरचा बर्फ तडकायला लागला त्या आठवड्यात फ्लोरियन गेला. तो गेला तेव्हा आयरीन त्याच्या डाव्या हाताला होती. दफनाच्या दिवशी साऱ्या बायका तिच्या घरी पातेली घेऊन आल्या. दारात पाय झाडताना प्रत्येकीनं खाली मान घातली.  आयरीन मला एकदा म्हणाली, “गाडीत बसले होते ते रविवार कुणी परत देईल का गं? रेडिओ आधी सांगतो, टीव्ही मागून सांगतो. दिवस परत दाखवणारं काही निघालंय का?”

म्हणून हे लिहिते. कुणी पुढचं सांगत असेल तर त्याला एवढंच विचारा, तुला कळलं कसं? आणि तुझं चुकलं तेव्हा बोट कुणाकडं दाखवलंस? बरोबर आलेलं आपण डोक्यावर घेतो, चुकलेलं दुसऱ्याच्या पायाला बांधतो. चेंडूला दार कळत नाही, खुर्ची कळत नाही, बाईची पावलं कळत नाहीत. त्याला लाथ कळते आणि वारा. ज्या माणसाजवळ बसायचे थोडेच दिवस उरलेत, ते कुणाच्या शब्दाखातर बाहेर गारठ्यात घालवू नका. आधी विचारा. मग वाटलं तर उठा.

आता हॉलमध्ये टीव्हीखाली स्टॅशनं एक जुना रेडिओ ठेवला आहे. नवखा कुणी आला की तो त्यालाच डोळे मिटून भविष्य सांगायला लावतो, आणि सगळे हसतात. डिसेंबरात बर्फ पडतो, दार उघडतं, आयरीन तशीच पांढऱ्या पायांनी आत येते. तिच्या उजव्या हाताची खुर्ची कुणी घेत नाही. खेळ रंगात आला की ती आपलंच मनगट आपण धरते.