चौथ्या जागेचं उत्तर

कपड्यांच्या त्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर एक नियम होता. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरून झाले की पात्याशी उभा असलेला मास्तर विचारायचा, "हात?" टेबलाभोवतीच्या सहा बायका आपापल्या जागेच्या क्रमाने हात उचलून "वर" म्हणायच्या. सहावं "वर" आल्याशिवाय पातं चालवायचं नाही, आणि मधली एक जरी गप्प राहिली तरी पुढचीने तोंड उघडायचं नाही. जुन्या मास्तरांनी हा पुकारा बसवला होता. त्यांच्या पंचवीस वर्षांत कुणाचं नखसुद्धा कापलं गेलं नाही.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मालकांच्या बायकोचा भाऊ येऊन बसला. त्याला सगळे मेहुणेसाहेब म्हणत. नात्यापलीकडे त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच. पहिल्याच दिवशी त्याने पुकारा बंद केला. "ही काय शाळा आहे हजेरी घ्यायला?" म्हणाला.

पाचव्या जागेवरच्या बाईला तिथे सगळे मास्तरीण म्हणत. अर्धी मास्तरकी तीच करायची, फक्त कागदावर नाव नव्हतं. मेहुणे वर ऑफिसात गेले की ही जागा तुमचीच, असं गाजर मालकांनी तिला दाखवलं होतं. म्हणून नऊ दिवस ती मूग गिळून बसली. दहाव्या दिवशी चौथ्या जागेवरची बाई कापडाची सुरकुती काढत असताना मेहुण्याने पातं चालवलं, आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ती मास्तरीणबाईंची धाकटी जाऊ होती. मास्तरीणबाईंनीच तिला कामाला लावलं होतं.

आज सकाळी धाकटी डाव्या हाताने वेणी घालायला बसली होती. पेड सुटत होते. मास्तरीणबाईंनी कंगवा हातात घेतला, तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "ताई, पुकारा झालाच नव्हता ना? की मलाच ऐकू आला नाही?"

"नव्हता झाला."

"सगळे म्हणतात माझंच लक्ष नव्हतं. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं घेतली ती घेतली, वर या पोरीला स्वतःच्या कानांवर संशय घ्यायला लावला. त्यातला निम्मा राग स्वतःवरचा होता, आणि तो जास्त जळत होता.

कारखान्यात पोचल्या तर मालक कागद घेऊन टेबलापाशीच उभे. अपघाताचा अहवाल. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.' खाली साक्षीदाराच्या सहीची जागा मोकळी होती.

"मास्तरीणबाई, एवढी सही करा. उद्यापासून टेबल तुमचं."

"आणि माझी जाऊ?"

"नियमच आहे ना. निष्काळजी माणसाला ठेवता येत नाही."

किती गोड बोलत होता माणूस. बाजूला मेहुणा पात्याशी उभा होता, घड्याळाकडे बघत. दारात माल न्यायला ट्रक लागला होता. "सही नंतर होईल," तो म्हणाला, "आधी हे कापू द्या. बायांनो, हात काढा."

मास्तरीणबाई आपल्या जागेवर गेल्या आणि पातं जिथून जाणार, कापडावर आखलेल्या त्या रेघेवरच त्यांनी दोन्ही तळवे ठेवले. "आधी विचारा," त्या म्हणाल्या.

ते बघून पहिलीने हात ठेवले. मग दुसरीने, तिसरीने, सहावीने. मेहुण्याने मालकांकडे पाहिलं, मालकांनी ट्रककडे.

"विचार रे बाबा," मालक म्हणाले.

"हात?" मेहुणा पुटपुटला.

"वर." "वर." "वर."

मग चौथी जागा. तिथे नुसता टेबलाचा काठ होता. कुणी बोलेना. मास्तरीणबाईंचे तळवे कापडावर तसेच.

"अहो, पुढे व्हा की," मालक म्हणाले.

"पुढे कसं होणार? चौथीचं उत्तर आलेलं नाही. ती का आली नाही ते कागदावर खरं लिहा, मग बोलते."

"तुम्ही मला धमकी देता?"

"मी हात ठेवलाय फक्त. पातं तुमच्या मेहुण्याच्या हातात आहे. चालवा म्हणावं."

मेहुण्याने पात्यावरचा हात काढून घेतला. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मालकांनी ती ओळ खोडली. पेन कागद फाडील इतका दाबून. "सांगा, काय लिहू?"

"लिहा, पुकारा बंद केला होता. कुणी केला तेही लिहा. कामगाराची चूक नाही, ती कामावर परत येईल." त्या थांबल्या. "आणि त्याखाली लिहा, मास्तरीण नऊ दिवस शेजारी उभी होती आणि गप्प होती."

मालकांनी मान वर केली. "हे लिहिलं तर मास्तरकी विसरा."

"लिहा."

मालकांनी लिहिलं. मास्तरीणबाईंनी वाचून पाहिलं, एकेक शब्द, आणि सही केली. मग टेबलाशी परत येऊन मेहुण्याला म्हणाल्या, "पहिल्यापासून."

त्याने विचारलं. तिघींनी उत्तर दिलं. चौथ्या जागेचं आणि पाचव्या जागेचं "वर" मास्तरीणबाईंनीच म्हटलं, एकामागून एक, मोठ्याने.