दोन अंशांनी उणी

ज्याने इतरांना पाहायला शिकवायचे, त्याला आपली चूक उघडी करण्याचे धैर्य लागते. ते पदवीबरोबर मिळत नाही. कुणी वडीलधाऱ्याने शेजारी बसून ते हळूहळू रुजवावे लागते. मित्रांनो, मी एक जुनी तापमापी आहे. ते रुजताना मी पाहिले, आणि त्याला निमित्त माझाच दोष झाला.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. नळीत पारा भरून, अंगावर उणे दहापासून एकशे दहापर्यंत बारीक रेघा कोरून, १९९१ साली मला कापसात गुंडाळून मुरबाड तालुक्यात आणले. वैशाखऱ्याजवळच्या एका शाळेच्या कपाटात मी राहू लागले. विज्ञान शिकवणारे कमळू गुरुजी प्रत्येक प्रयोगानंतर मला सुती रुमालाने पुसत आणि म्हणत, "ही खोटं बोलायची नाय." त्या शब्दांचा मला अभिमान वाटे.

पुढे एका विज्ञान प्रदर्शनाहून परतताना एसटीच्या धक्क्यांनी पाऱ्याचा एक कण माझ्या नळीच्या माथ्याशी अडकला, आणि खालचा पारा तेवढा कमी पडू लागला. कुणाच्या ते ध्यानी आले नाही. गुरुजी मुख्याध्यापक झाले, विज्ञानाला शिक्षक उरला नाही, आणि मी चार वर्षे धुळीत पडून राहिले.

२००२ साली गणित-विज्ञान शिकवायला संदेश सर आले. तरुण, नीटनेटके, आणि मनातून भ्यालेले. त्यांचा पहिला प्रयोग पाणी उकळण्याचा होता. पाठटाचणात त्यांनी निष्कर्ष आदल्या दिवशीच लिहिला होता, आणि प्रयोगाआधी तो फळ्यावरही उतरवला: पाणी शंभर अंशांना उकळते.

गुरुजी मागच्या बाकावर बसले. नव्या शिक्षकाचा पाठ पाहताना ते फळ्याकडे फारसे पाहत नसत. शेजारच्या मुलाच्या वहीकडे पाहत. त्या दिवशी शेजारी सातवीतली लहानी नावाची मुलगी होती. पाणी खळखळू लागले तेव्हा सरांनी तिलाच माझे वाचन करायला बोलावले.

"अठ्ठ्याण्णव, सर."

"नीट बघ."

"बघितलं. पारा पुढं सरकतच नाय."

"पुस्तकात काय आहे? शंभर लिहा सगळ्यांनी."

"लिही गो लहाने," वर्गातला बंटी मागून म्हणाला, "नायतर सर तुलाच उकळवतील." वर्ग हसला. लहानी जागेवर गेली. तिने लिहिलेले अठ्ठ्याण्णव खोडले, पुन्हा खोडले, आणि तिथे कागदाला भोक पडले.

वर्ग सुटल्यावर गुरुजींनी ती वही मागून घेतली आणि संदेश सरांपुढे ठेवली. मी तिथेच टेबलावर होते.

"गुरुजी, थर्मामीटर बिघडलाय," सर म्हणाले. "पुस्तक कसं चुकेल?"

"बिघडला असंल. पोरीचे डोळे बिघडलेत काय?"

सरांनी वहीतले भोक पाहिले. मग हलकेच म्हणाले, "शंभर आलं नाही म्हटलं असतं, तर पोरं म्हणाली असती, नव्या सराला प्रयोग जमत नाही."

"मला पण हेच भ्या होतं. पयली तीन वर्षं मी पाणी फळ्यावरच उकळलं." गुरुजी हसले. मग त्यांनी वहीवर बोट ठेवले. "ही पोर आता सोताच्या डोळ्यांवर भरवसा ठेवंल काय, तेवढं सांगा."

"मग काय करू?"

"मला नका विचारू. तिला विचारा."

दुसऱ्या दिवशी लहानीने मान वर केली नाही. संदेश सर वर्गापुढे उभे राहिले. ते म्हणाले, "काल मी चुकलो. लहानीला दिसलं तेच लिहायला हवं होतं. आता ही तापमापी खरी की खोटी, कसं ओळखायचं, लहानी?"

तिने मला हातात घेऊन निरखले. मग म्हणाली, "ज्याचं तापमान आपल्याला पक्कं ठाव हाय, त्याच्यात बुडवून बघू. बर्फात."

मुरबाडहून बर्फात ठेवलेली मासळी विकायला घेऊन गुणाबाई त्या रस्त्याने येत. सरांनी त्यांच्याकडे बर्फ मागितला. "म्हावरा ठेवून नुसता बरफ नेताय? बामणाघरचं जेवण हाय काय, मास्तर?" असे म्हणत त्यांनी एक मोठा तुकडा दिला. मुलांनी तो दोनदा धुतला, फोडला, आणि वितळू लागलेल्या त्या चुऱ्यात मला उभे केले.

लहानी वाकली. "उणे दोन, सर." क्षणभर ती ओठांतल्या ओठांत हिशेब करीत राहिली. "म्हंजे ही सगळीकडं दोननं मागं हाय. कालचं अठ्ठ्याण्णव म्हंजे शंभरच. पुस्तक पण खरं, आनि मी पण."

"वहीत अठ्ठ्याण्णवच लिही," सर म्हणाले, "आणि खाली हे कारण लिही." त्यांनी फळ्यावरही तेच लिहिले. त्या तासाला लहानीने आणखी चार प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या दोन प्रश्नांवर सर न लाजता म्हणाले, "माहीत नाही, शोधू."

मित्रांनो, मी आजही दोन अंशांनी उणीच आहे. माझ्या पेटीवर तशी चिठ्ठी डकवलेली आहे, म्हणून मला टाकून कुणी दिले नाही. तुमच्या शाळेतील उपकरणे पुसा, वर्षातून एकदा तपासून पाहा, आणि त्यांचा दोष कळला तर तो लिहून ठेवा.

आणि जे उद्या प्रथमच वर्गापुढे उभे राहतील, त्या नवख्या शिक्षकांचे मंगल होवो. त्यांना चुकण्यास अवकाश मिळो, आणि चूक सांगितल्यावरही त्यांच्याकडे विश्वासाने पाहणारी मुले त्यांना लाभोत.