यंत्राची खोळ

नवऱ्याचा खोकला घरातलं तिसरं माणूस होऊन बसला, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या काकूंनी आरोग्य खात्याचं हवा मोजायचं यंत्र आपल्या गच्चीवर बसवून घेतलं. समोरच्या कारखान्याच्या धुराचा त्रास वस्तीनं आणि खात्यानं मिळून सिद्ध करायचा होता.

महिन्याभरानं खात्याच्या नर्सबाई यंत्राचे आकडे घेऊन आल्या.

"काकू, तुमची हवा बर्फाच्या डोंगरावरची निघाली. इथं दवाखाना कशाला, हॉटेल काढा!"

आत नवरा खोकला.

"असं कसं?" काकूंचा चेहरा उतरला. "मी तर यंत्राला जिवापाड जपलं. दुसऱ्याची वस्तू काळी पडायला नको म्हणून खोळ शिवली. अस्तर लावून."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. महिन्याभराचा पुरावा स्वतःच शिवून बंद केल्याचं कळताच काकूंना रडू फुटलं.

दोघी गच्चीवर गेल्या. पांढऱ्या कापडाची खोळ तव्यासारखी काळी झाली होती. नर्सबाईंनी ती हलकेच काढून पिशवीत घातली.

"ही तपासणीला जाईल."

"अहो, अशी घाणेरडी? थांबा, धुऊन देते."

"हात तर लावून बघा!"

खाली नवरा पुन्हा खोकला. या वेळी यंत्र उघडं होतं.