बायंडरच्या डोळ्यांचा रंग

लढाई सुरू होऊन बरेच महिने लोटल्यावर लष्करी इस्पितळात प्लास्टरच्या खोलीला लागून असलेली एक लहान खोली रिकामी करण्यात आली. तिथे मोठ्या खिडकीपाशी टेबल टाकून एक बाई जखमी सैनिकांसाठी डोळे बनवायच्या. सगळे त्यांना डोळेवाल्या बाई म्हणत. आधी खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढरं कवच ओतायचं, मग टिकलीएवढ्या चकतीवर बारीक कुंचल्याने बुबुळ रंगवायचं आणि ते आत बसवून वरून पारदर्शक थर द्यायचा. सैनिकाचा एक डोळा शाबूत असला की काम सरळ असे. त्याला समोर बसवायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि त्या डोळ्यात बघत बघत रंग मिसळायचा.

बायंडर आला तेव्हा मात्र बाई अडल्या.

तो लढाईआधी छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायचा, म्हणून वॉर्डात त्याचं हे नाव पडलं होतं. तोफगोळा जवळ फुटून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. जखमा भरल्या, पापण्या शिवून ठीकठाक झाल्या, काठी घेऊन तो वऱ्हांड्यात फिरायलाही लागला. कृत्रिम डोळ्यांचं डॉक्टरांनी दोनदा सुचवलं, तेव्हा तो नको म्हणाला होता. ज्याला दिसणारच नाही त्याने नटून काय करायचं, असं त्याचं म्हणणं. मग एका भेटीच्या दिवशी त्याची लहान मुलगी आली, बापाकडे बघून आजीच्या मागे लपली ती शेवटपर्यंत पुढे आलीच नाही. त्याच संध्याकाळी त्याने सिस्टरला बोलावलं आणि डोळेवाल्या बाईंकडे कधी जायचं ते विचारलं.

साचा घेऊन झाल्यावर बाईंनी सहज विचारलं, "डोळ्यांचा रंग कोणता होता?"

बायंडर हसायला लागला. "ताई, रोज दाढी करताना आरशात बघायचो. पण बघायचो ती हनुवटी."

भरतीच्या कागदावर 'काळे' असं लिहिलं होतं, पण त्याला पक्कं आठवत होतं की लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर केलीच नव्हती आणि अख्ख्या तुकडीचे डोळे एका दमात काळे करून टाकले होते. घरी फोटो होता, तोही काळा-पांढरा, आणि त्यात लग्नाच्या गडबडीत नेमके त्याचे डोळे मिटलेले.

बाईंना हा प्रश्न चिकटला. घरी गेल्यावर त्यांनी चहा गाळणाऱ्या नवऱ्याला डोळे मिटायला लावलं आणि माझ्या डोळ्यांचा रंग सांगा म्हणाल्या. नवरा शाळामास्तर, प्रश्न विचारायची सवय असलेला, उत्तरं द्यायची नव्हे. तो म्हणाला, "पाणीदार."

"रंग विचारलाय. तारीफ नको."

त्याने काळे सांगितलं, मग तपकिरी, आणि शेवटी चहा निवतोय म्हणून विषय बदलला.

वॉर्डातही हा विषय पसरला. ज्याला त्याला आपापल्या माणसांचे डोळे आठवून बघायची हुक्की आली. पाय टांगून पडलेल्या एका ड्रायव्हरने बायकोचे डोळे काळेभोर असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. पुढच्या भेटीला ती आली, तर चांगली घारी निघाली. कुणीतरी तिला ही गंमत सांगितली आणि भेटीचा सगळा वेळ तिने नवऱ्याशी बोलण्याऐवजी शेजारच्या खाटेवरच्या माणसाची विचारपूस केली.

बायंडरची आई आली तेव्हा बाईंनी तिला खोलीत बोलावलं. म्हातारी ठाम होती. काळे, त्याच्या वडिलांसारखे, आणि यात विचारायचं काय. मग बायको आली. ती त्याच छापखान्यात कागदांच्या घड्या घालायची, तिथेच दोघांचं जमलं होतं. तिने सांगितलं, तपकिरी, आणि आत मधासारखी झाक. बाईंनी दोघींचं म्हणणं एकमेकींना कळू दिलं नाही, पण म्हातारीला ते वॉर्डात कळलंच. जन्म कुणी दिलाय त्याला, असं ती सिस्टरला ऐकवून गेली.

दोघींपैकी एकीने चुकीचं सांगितलं असेल असं बाईंना वाटेना. त्यांनी पुन्हा एकेकीला गाठलं, आणि या वेळी रंग न विचारता, त्याच्याकडे नीट बघायची वेळ कधी यायची, कुठे यायची, हे विचारलं. आईने सांगितलं, तो कामावरून यायचा तेव्हा अंधार पडलेला असायचा, स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायचा, ती समोर बसून वाढायची. दिवा तिच्या पाठीमागे असायचा, त्यामुळे तिची सावली त्याच्या तोंडावर पडायची. बायको म्हणाली, छापखान्याच्या गच्चीवर. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे खायला वर जायचे, आणि हे दोघं पाण्याच्या टाकीशेजारी उन्हात बसायचे, कारण सावली बाकीच्यांनी अडवलेली असे.

मग बाई कामाला लागल्या. लांबून आणि कमी उजेडात काळंच वाटेल असं गडद तपकिरी बुबुळ, आणि बाहुलीभोवती मधाच्या रंगाचं अगदी पातळ कडं, जे ऊन पडल्याशिवाय दिसणार नाही. कितीतरी चकत्या बिघडल्या. कधी कडं फार उठून दिसे, कधी पार नाहीसं होई. एरवी घाई करणारे डॉक्टर या वेळी जाता-येता डोकावून, जमलं का, एवढंच विचारत.

डोळे बसवायच्या दिवशी आई आणि बायको दोघी आल्या. मुलीला सिस्टरपाशी बाहेर ठेवलं होतं. बाईंनी पापणी उचलून एक डोळा सरकवला, मग दुसरा. बायंडरने पापण्या मिटल्या, उघडल्या. काही टोचतंय का विचारल्यावर म्हणाला, नवीन चपलेसारखं वाटतंय.

आई खोलीच्या आतल्या बाजूला उभी होती. ती पुढे आली, मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि नुसती मान डोलावली. मग बाईंनी त्याला खिडकीत उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि बायकोला बोलावलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हाच रंग आहे," ती म्हणाली. आणि मग चाचरत, "पण ह्यांच्या डाव्या डोळ्यात एक ठिपका होता."

बाईंनी कागद पुढे ओढला. कुठे, कसा, केवढा, सगळं विचारलं. बायकोने सांगितलं, बुबुळात खालच्या बाजूला, नाकाकडे, मोहरीपेक्षाही लहान. तीळ असावा तसा. आधी तिला वाटायचं की टाकीचं काहीतरी डोळ्यात उमटतंय, म्हणून ती जागा बदलून बघायची. पण ठिपका तिथेच असायचा.

"असलं काही नव्हतं," आई म्हणाली.

बायंडर मात्र खुर्चीत ताठ झाला होता. तीस-बत्तीस वर्षं जी गोष्ट आपल्या तोंडावर होती, ती त्याला आज कळत होती. त्याने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, बायकोने तो धरला.

"मला कधी बोलली नाहीस ते?"

सासूसमोर ती नवऱ्याला नेहमी अहो-जाहो करायची. या वेळी ते तिच्या लक्षात राहिलं नाही. "तुला सांगितलं असतं तर तू आरशात बघत बसला असतास," ती म्हणाली. "माझा होता तो."

म्हातारीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली आणि बाई उगाच रंगाच्या बाटल्या लावत बसल्या.

ठिपक्यासाठी डावा डोळा पुन्हा करावा लागला. तो बसवल्यावर मुलीला आत आणलं. ती दाराशी थांबली, बापाकडे टक लावून बघत बघत हळूहळू त्याच्या गुडघ्यापर्यंत आली. त्याला तिच्या श्वासावरून कळलं, पण तो हलला नाही. तिने विचारलं, बाबाला आता दिसतं का? खोलीत सगळ्यांना वाटलं की काहीतरी गोड सांगून वेळ मारून न्यावी. बायंडर म्हणाला, "नाही दिसत. कधीच दिसणार नाही. हे तुला बघायला आणलेत."

तिने त्यावर विचार केला. मग त्याच्या मांडीवर चढून बसली आणि त्याच्या भुवईला बोट लावून बघितलं.

पुढे तो घरी गेला. छापखान्यात त्याला परत घेतलं, कारण घड्या दाबायला आणि पुस्तकाच्या पाठीला सरस लावायला त्याचे हात पूर्वीसारखेच चालत होते. फक्त सुई ओवून द्यायला शेजारी बायको लागायची. लढाई अजून संपली नव्हती. बाईंच्या खोलीबाहेरचा बाक रिकामा म्हणून राहत नव्हता.

त्या बाकावर एके दिवशी बायंडर बसलेला दिसला. सोबत बायको आणि मुलगी. उजवा डोळा हरवला होता. कसा, ते मुलीनेच सांगितलं. रोज सकाळी बाबांचे डोळे धुवायचं काम तिचं होतं, साबणाने हात सटकला आणि डोळा मोरीतून गेला. तिने गजाने काढायचाही प्रयत्न केला होता. शेजारच्या सगळ्या मुलांनी मदत केली होती, असंही तिने सांगितलं. आजीने मग मोरीवर जाळी बसवून घेतली.

जुना साचा होताच. बाई कामाला बसल्या तशी मुलगी स्टुलावर चढून त्यांच्या कोपराशी डोकं घालायला लागली. तिला गप्प बसवायला बाईंनी एक बिघडलेली चकती आणि जाडसर कुंचला दिला. ती जीभ बाहेर काढून रंगवू लागली. खोली शांत झाल्याचं बायंडरच्या ध्यानात आलं.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"डोळा करतेय."

"कोणता रंग?"

"निळा," ती म्हणाली. "आणि पिवळे ठिपके. खूप."

"बाई," बायंडर म्हणाला, "मला तोच बसवा."

"मुळीच नाही," बायको म्हणाली, पण ती उठून मुलीच्या खांद्यावरून वाकली आणि ठिपके कसे काय दिसतायत ते बघू लागली.